आप्पांचं मिलिंग

“आप्पा, पाणी टाकीत जातंय,” मी म्हणाले.

“जाऊ दे की. मशीनला नको व्हय प्रसाद?”

खंडेनवमी होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली सगळी यंत्रं पुसून, झेंडूच्या माळा घालून गप्प बसवली होती. आप्पांनी मिलिंग मशीनच्या टेबलाच्या कडेवरच नारळ फोडला होता आणि दोन्ही अर्धुकं वर धरून ते पाणी टेबलभर शिंपडत होते. मग हळदकुंकू, अक्षता, मग एक लिंबू. टेबलाच्या खोबणीतून सगळं ओघळत जाळीवर जात होतं आणि जाळीतून खाली, मशीनच्या पोटातल्या कूलंटच्या टाकीत. लोखंड कापताना तापू नये म्हणून जे तेलमिश्रित पाणी त्यावर सोडतात, ते या टाकीतून पंपाने वर चढतं. त्यात नारळपाणी घालावं, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

“अजीर्ण होईल त्याला,” मी म्हणाले.

“इतकी वर्षं झालं न्हाई ते आज हुतंय होय? तू तुझ्या लायब्रीत पुस्तकांना हळद लाव जा.”

“आमच्याकडे वाळवी करते पूजा. बारा महिने.”

ते हसले. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवताना म्हणाले, “हेमंत येतोय उद्या दसऱ्याला. त्याला म्हनावं, एकदा तरी बटन दाबून जा.”

माझा धाकटा भाऊ हेमंत पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या प्लॅनिंग विभागात होता. गेली अठरा वर्षं तो कोल्हापूरला यायचंच प्लॅनिंग करत होता.

“येईल की,” मी म्हणाले. “वाट बघायची तुम्हाला सवय आहेच.”

“आहे,” आप्पा म्हणाले आणि टेबलावरचा एक न दिसणारा डाग फडक्याने पुसत बसले. बस चुकेल म्हणून मी निघाले. चपला घालताना मागे वळून बघितलंसुद्धा नाही. रोज कोण बघतं?

पहाटे ते झोपेतच गेले. हेमंत दसऱ्याला आला, म्हणजे दिलेला शब्द त्याने पाळला. सोनं वाटायला आलेले लोक तसेच खांदा द्यायला थांबले. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. आमच्याकडे माणसाचं भाग्य त्याने इतरांना किती कमी त्रास दिला यावर मोजतात. त्या हिशेबाने आप्पा फारच मोठे होते.

शेडला कुलूप लागलं.

वर्षश्राद्धाच्या जेवणात, पानात खीर वाढली जात असताना, हेमंतने विषय काढला. शेड भाड्याची होती, मालकाला दिवाळीनंतर परत हवी होती.

“मिलिंगचं काय करायचं, ताई? भंगारवाला बघून गेलाय. म्हणतो, बंद मशीन म्हणजे नुसतं बिडाचं लोखंड. फोडून फौंड्रीच्या भट्टीत घालणार.”

“खीर आणखी घेतोस?” मी विचारलं.

“घेतो. वाईट वाटतंय गं, पण भावनेत किती दिवस राहायचं?”

एका वर्षात तो भावनेत किती वेळा राहायला आला होता, ते मी विचारलं नाही. मी म्हणाले, “चालू करून विकू या. चालू मशीनला गिऱ्हाईक मिळतं.”

“कोण चालू करणार?”

“मी.”

त्याचा चमचा थांबला. “तू? ताई, ते कपाट नाहीये. थ्री फेज मशीन आहे.”

“माहीत आहे. वाटीत काय वाढू, खीर की विषय?”

त्याने थोडा विचार केला. भंगारवाला काही पळून जात नव्हता. “ठीक आहे. दिवाळीपर्यंत. नाही झालं तर भंगारात.”

“चालेल,” मी म्हणाले, आणि पुढच्या पंगतीला वाढायला गेले.

मला मदतीला शिवगोंडा पाटील होते. विजेच्या जळलेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून देणारे, आप्पांच्या शेजारच्या शेडमधले, आप्पांच्याच वयाचे आणि त्यांना विष्णू म्हणून नावाने हाक मारणारे. सीमाभागातल्या एका गावाहून तरुणपणी आलेले. त्यांच्या मते उद्यमनगरातली प्रत्येक मोटार त्यांच्या हातून गेली होती आणि जी जळली, ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातून गेली होती.

“काळजी करू नगस मंदाताई,” कुलूप उघडताना ते म्हणाले. “मी नुसतं बघितलं तरी मशीन सुरू हुतंय.”

“मग वर्षभर खिडकीतून तरी बघायचं होतं, काका.”

मेन स्विच पाडला, वरून आलेली लाइन सोडवली आणि पॅनेलचं झाकण उघडलं. आत उंदरांचा संसार होता. त्यांनी वायरींची रबरं कुरतडून बाळंतपणं केली होती; एका स्विचवर तर माझ्याच जुन्या दुपट्ट्याची चिंधी अंथरलेली होती. काका टॉर्च धरून हळहळले.

“बघ की ह्याचं काम! सगळ्या वायरी काळ्या. किती सांगितलं म्हनून सांगू, विष्णू, रंगीत वायर टाक. लाल, पिवळी, निळी. ऐकला न्हाई. म्हनायचा, रंगात काय हाय शिवगोंडा? आणि ह्या गाठी कसल्या बघ. बायकी काम.”

मी वाकले. प्रत्येक काळ्या तारेच्या टोकाला पांढऱ्या सुताच्या गाठी मारलेल्या होत्या. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. अर्थिंगच्या तारेला गाठ नव्हती. तिला सुताचा एक मोठा फासा होता, अंधारात हाताला लागेल असा. सगळ्या पॅनेलभर. गाठी तेलाने तपकिरी झाल्या होत्या, पण एकही सुटलेली नव्हती.

आप्पांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नसे.

हे मला आठव्या वर्षी कळलं. त्याआधी मला तो खेळ वाटायचा. शाळा सुटली की मी शेडमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत दुकानात, जायची, ते मला स्टुलावर उभं करायचे, तारांची टोकं समोर धरायचे आणि म्हणायचे, “बोल.” मी बोलायची, “लाल. पिवळी. निळी. हिरवी.” ते त्याप्रमाणे जोडायचे. लाल म्हणजे वीज आणि हिरवी म्हणजे जमीन. त्या दोन्हींत चूक झाली, तर मशीनला हात लावणारा माणूस जागेवर राहतो. माझा बाप मला रोज असं काहीतरी विचारत होता आणि मी बोट चोखत उत्तरं देत होते. मग एका दिवाळीला त्यांनी आईला लाल म्हणून जे लुगडं आणलं, ते हिरवंगार होतं. आईने ते नेसलं, छान आहे म्हणाली आणि आयुष्यभर दुसरं काही बोलली नाही. आमच्या घरात न बोलण्याची रीत तेव्हाच चांगली रुजलेली होती. मी दुकानातला रंगांचा खेळ कुणाला सांगितला नाही.

मी बारा वर्षांची झाले आणि आप्पा म्हणाले, “आता दुकानात येत जाऊ नगस. मानसं येत्यात.” तोपर्यंत तिथे बहुधा म्हशी येत असाव्यात. मला वाचनालयाची वर्गणी भरून देण्यात आली. मी पुष्कळ वाचलं. मुलीला गप्प बसवण्याचे याहून वाईट मार्ग असतात, हेही मला त्यातूनच कळलं.

पुढे हेमंतचा डिप्लोमा झाला. त्या खंडेनवमीला आप्पांनी सगळ्या शेजाऱ्यांना बोलावलं, सकाळी पूजेच्या आधी हेमंतच्या हाताने मिलिंगचं बटन दाबलं आणि दारावर नवा बोर्ड लावला. सुतार अँड सन. एकवचनी, स्वच्छ अक्षरात. मी पेढे वाटले. हेमंतने दोन वर्षं दुकान बघितलं, तेही बहुतेक बाहेरून, आणि पुण्याला गेला.

आणि या सगळ्या काळात आप्पांनी कधीच त्याला तारांची टोकं दाखवून “बोल” म्हटलं नव्हतं. गाठींवरून ते उघड दिसत होतं.

“काय झालं गं?” काकांनी विचारलं. “उंदीर चावला काय?”

“नाही. सगळं काढून टाका, काका. नव्या रंगीत वायरी घाला.”

“हां! शेवटी कुनीतरी माझं ऐकलं. पण विष्णूनं काळ्या का घातल्या आसतील?”

“स्वस्त मिळाल्या असतील. चहा घेणार?”

पॅनेलला दोन रविवार आणि मधल्या संध्याकाळी लागल्या. वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्टर खोलून घासले, चिनीमातीचे फ्यूज बदलले, मोटार काकांच्या शेडमध्ये नेऊन वाळवली. त्या दिवसांत काकांनी मला स्वतःबद्दल पुष्कळ सांगितलं.

कूलंटच्या टाकीला मात्र त्यांनी हात लावला नाही. झाकण उघडताच ते तीन पावलं मागे सरले.

“ह्यात कोन मेलंय गं?”

मेलं कुणीच नव्हतं. झाली होती ती पूजा. वर्षानुवर्षांच्या खंडेनवम्या थरावर थर बसल्या होत्या. सगळ्यात वर काळा, हिरवट साय धरलेला चिखल. त्यात झेंडूच्या पाकळ्या, नारळाच्या शेंड्या, फुगून गोळा झालेल्या अक्षता, दगडासारखी झालेली लिंबं, आणि तळाशी सुटे पैसे, जे आता कुठल्याच दुकानात चालत नाहीत. पंपाच्या तोंडाला शेंड्यांची जाड वेणी अडकली होती. दर वर्षी कूलंट आंबायचं, दर वर्षी आप्पा तेल कंपनीला शिव्या द्यायचे आणि दर वर्षी पुन्हा नारळ फोडायचे. सगळं उद्यमनगर हेच करतं. आपण ज्याची पूजा करतो, ते नासवायची जबाबदारीही आपलीच असते.

“मी सांगत हुतो विष्णूला,” काका नाकाला उपरणं लावून म्हणाले.

“तुमच्या मशीनवर नारळ कुठे फोडता?”

“तिथंच. पण मी हळू फोडतो.”

मी पदर खोचला आणि सगळा गाळ डब्याने उपसला. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून टाकी घासली, पुन्हा घासली. नळ्यांतून सायकलचा स्पोक घातला, तेव्हा आतून एका जागी कुंकवाचा लाल गोळा निघाला. दुसऱ्या दिवशी मी नोकरी करते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात प्राचार्यबाई काउंटरपाशी थबकल्या आणि म्हणाल्या, “मंदाकिनी, उंदीर मेलाय का कुठे?” मी म्हणाले, “हो मॅडम, धर्मशास्त्राच्या कपाटामागे.” शिपायाने दुपारभर शोधला.

नवं कूलंट करताना काकांनी बादलीत आधी तेल ओतलं आणि वरून पाणी घालायला घेतलं. मी त्यांचा हात धरला.

“पाण्यात तेल, काका. उलटं केलं की फाटतं.”

“माहीत हाय की. तुला माहीत हाय का, बघत हुतो.”

पाण्यात बारीक धार सोडून ढवळत गेलं की ते दुधासारखं पांढरं होतं. स्टुलावर उभी राहून मी ते कितीदा बघितलं होतं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी लाइन जोडली. काकांनी पॅनेलला नमस्कार केला, मग मला म्हणाले, “दाब.”

“तुम्ही दाबा.”

“आगं, दाब की. मला पकड धरायची हाय. काय झालं तर तुला लांब ढकलायला माझे हात मोकळे पाहिजेत.”

मी पन्नाशीला आले होते आणि त्या मशीनचं बटन मी कधी दाबलं नव्हतं. दाबलं. आत कॉन्टॅक्टर खट्‌ करून बसला, मोटारीने एक दीर्घ उसासा सोडला आणि कटर धरणारं स्पिंडल फिरायला लागलं. काकांनी दोन्ही हात वर केले. पकड माझ्या पायावर पडली.

“बघितलंस? नुसतं बघितलं मी!”

मी पंपाचा स्विच टाकला. पंप गुणगुणला. नळीतून पाणी आलं ते थेंबाथेंबाने, म्हाताऱ्याच्या लघवीसारखं. काकांनी नळी हलवली, ठोकली, तोंड लावून ओढली आणि ते थुंकले.

“पंप गेला. नवा आन.”

नवा पंप मागवायचा म्हणजे दिवाळी उलटणार होती आणि कूलंटशिवाय मशीन चालू आहे म्हणणं, म्हणजे पाय नसलेला घोडा विकणं. हेमंत दुसऱ्याच दिवशी येणार होता. मी मेन बंद केला, पॅनेल उघडलं आणि काही सुचेना म्हणून, खरंच काही सुचेना म्हणून, पंपाच्या तारांवर डावीकडून बोट ठेवत मोठ्याने बोलत गेले.

“लाल. निळी. पिवळी.”

आणि थांबले. हे कानाला वेगळं लागलं. स्टुलावरून मी कधी असं म्हटलंच नव्हतं. लाल, पिवळी, निळी. जुन्या गाठीही डावीकडून एक, दोन, तीन होत्या.

“काका, निळी आणि पिवळी अदलाबदल झाल्यात. पंप उलटा फिरतोय.”

“माझ्या हातनं? पन्नास वर्षांत कधी...”

मी दोन तारांची जागा बदलली आणि मेन टाकला. नळीने एकदा ठसका दिला आणि मग पांढरी जाड धार टेबलावर आदळून काकांच्या शर्टावर, चष्म्यावर, तोंडावर उडाली. ते चष्मा पुसत बघत राहिले.

“हे मी मुद्दाम केलतं,” ते म्हणाले. “तुझं लक्ष हाय का बघायला.”

“मला वाटलंच.”

“विष्णू आसता तर...” ते म्हणाले आणि चष्माच पुसत बसले. मी पंप उगाचच चालू ठेवला. पाणी खोबणीतून जाळीत जात होतं, जाळीतून टाकीत, आणि पुन्हा वर येत होतं.

रविवारी हेमंत आला, तो गिऱ्हाईक घेऊनच. हातकणंगल्याचे महावीर चौगुले, सोनेरी चौकटीचा चष्मा, खिशात मेजरिंग टेप. मी एका लोखंडी ठोकळ्यावर कट लावून ठेवला होता. कटर फिरत होता, पांढरी धार पडत होती आणि लोखंडाचे चकचकीत काप बाजूला गोळा होत होते. चौगुल्यांनी ठोकळ्यावर अंगठा फिरवला.

“आवाज झकास हाय. गिअरबॉक्स अजून तरणा हाय. मी पाडव्याला ट्रक पाठवतो.”

हेमंतचे डोळे भरून आले होते. हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. “ताई, कमाल केलीस. मी तर भंगारातच काढत होतो. आता चांगल्या घरी जातंय बघ. आप्पांना केवढं समाधान वाटलं असतं.”

“देवाणघेवाणीचं ठरलंच हाय,” चौगुले टेप गुंडाळत हसले, “आता नुसती पाठवणी.”

म्हणजे असं झालं होतं. मशीन बंद राहिलं असतं, तर भट्टीत गेलं असतं. मी ते चालू केलं म्हणून हातकणंगल्याला जाणार होतं. इतक्या मेहनतीने आपल्याच हातातली वस्तू घालवण्यासाठी माणसाला थोडं शिक्षण लागतं.

“नाही द्यायचं,” मी म्हणाले.

मशीनच्या आवाजात ते चौगुल्यांना ऐकू गेलं नाही. हेमंतला गेलं.

“काय?”

“मिलिंग विकायचं नाही.”

“ताई, तूच म्हणालीस, चालू करून विकू.”

“म्हणाले.”

“अगं, दोन टनांचं मशीन आहे. ठेवणार कुठे? दुसऱ्या मजल्यावरच्या तुझ्या फ्लॅटमध्ये? देव्हाऱ्याशेजारी?”

“माझ्या शेडात मागचा कोपरा मोकळा हाय,” काका मागून म्हणाले. ते इतका वेळ बाहेर बिडी ओढत होते, असा आमचा समज होता. “मला सोबत हुईल. रंग बघायला पन कुनीतरी लागतंय. हल्ली निळं-पिवळं नीट दिसंना मला.”

हेमंतने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “पण कशाला? काय करणार तू त्याचं? तुला काय उपयोग?”

आत्तापर्यंत जे जे मला विचारलं गेलं, त्याला माझ्याकडे काहीतरी खोचक उत्तर तयार असायचं. त्यावर मी नोकरी केली, नाती सांभाळली, बापाला अग्नी देताना जरा मागे उभी राहिले. या वेळीही एक होतं जिभेवर. चांगलं होतं.

मी हात लांब करून आधी पंप बंद केला, मग मशीन. आवाज मोठा होता आणि मला हे दोनदा बोलायचं नव्हतं. स्पिंडल फिरत फिरत थांबलं. चौगुले टेप हातात धरून उभे होते.

“मला हवं होतं, हेमंत,” मी म्हणाले. “आप्पांनी तुझा हात धरून बटन दाबलं, त्या दिवशीही मला ते हवं होतं. त्याच्या आधीपासून हवं होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही. मला हे दुकान हवं होतं.”